चौदा दिवसांची गोळी कशासाठी?



पावसाळ्याचे नवे पाणी आले की घरोघरी एक प्रकार हमखास घडतो. धाकट्याला जुलाब लागतात. डॉक्टर किंवा आशाताई ओआरएसची पाकिटे देतात आणि त्याबरोबर छोट्या गोळ्यांची एक पट्टीही देतात. "रोज एक, चौदा दिवस," असे बजावून सांगतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मूल खेळायला लागते, "भूक लागली" म्हणून मागे लागते, आणि पट्टीतल्या उरलेल्या दहा गोळ्या फडताळातल्या डब्यात जाऊन पडतात. "अगं, थांबले की जुलाब! आता कशाला उगीच पोरीच्या पोटात औषध?" असे सासूबाई म्हणतात, शेजारीण म्हणते, आणि खरे सांगायचे तर आपल्याही मनात तेच असते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरसारख्या गावात, जिथे नळाच्या पाण्याची वाट पाहत पिंपे आणि टाक्या भरून ठेवण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिथे साठवणीचे पाणी आणि मुलांचे जुलाब ही जोडी काही नवी नाही. म्हणूनच या गोळीकडे आज जरा नीट पाहू या. ती जुलाब थांबवण्याची गोळी आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिचे बरेचसे काम जुलाब थांबल्यानंतरच चालते, आणि ते नुसते पोटात नव्हे, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्याही आत चालते.

जस्त म्हणजे बादलीचे तेच का?

हो, तेच. गोळीच्या पट्टीवर 'झिंक' लिहिलेले असते. झिंक म्हणजे आपले जस्त. पत्र्याच्या बादलीला गंज चढू नये म्हणून ज्याचा मुलामा देतात ते, आणि पितळेत तांब्याच्या जोडीला असते ते. गोळीत अर्थात धातूचा तुकडा नसतो, पचणारा क्षार असतो.

मोठ्या माणसाच्या शरीरात जस्त असते अवघे दोन ते तीन ग्रॅम, आणि त्यातले बहुतेक स्नायूंत आणि हाडांत अडकलेले. लोहाचा साठा शरीर यकृतात करून ठेवते, तसे जस्ताचे वेगळे कोठार शरीराजवळ नाही. रोजच्या खर्चाला रोजचीच आवक लागते. जुलाब लागले की हे जस्त विष्ठेवाटे वाहून जाते, आणि आधीच तोटा असलेल्या मुलाचा तोटा आणखी वाढतो.

एका भारतीय डॉक्टरची हकिगत

माणसाला जस्त कमी पडू शकते, ही गोष्ट साठ-पासष्ट वर्षांपूर्वीपर्यंत वैद्यकाला मान्यच नव्हती. ती उजेडात आणली बिहारमधल्या बक्सर येथे १९२८ साली जन्मलेल्या डॉ. आनंद प्रसाद यांनी. अमेरिकेत शिक्षण घेऊन ते १९५८ मध्ये इराणमधील शिराझ येथे गेले. तिथे त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक तरुण आला. दिसायला दहा वर्षांच्या पोरासारखा! त्याचे खाणे म्हणजे जवळजवळ नुसती न आंबवलेली रोटी, आणि वर माती खाण्याची सवय. पुढे इजिप्तमध्ये अशाच मुलांची तपासणी करून १९६३ मध्ये प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताची उणीव दाखवून दिली.

रोटीत जस्त नव्हते का? होते. पण धान्याच्या कोंड्यात फायटेट नावाचे एक द्रव्य असते. ते जस्ताला घट्ट धरून ठेवते आणि आतड्यातून रक्तात जाऊच देत नाही. आपली पोळी आणि भाकरीही न आंबवलेलीच, हे इथे लक्षात ठेवा. त्याकडे पुढे येऊ.

प्रसाद यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. ही मुले नुसती खुजी राहत नव्हती. त्यांतली बरीचशी पंचविशी गाठण्यापूर्वीच कसल्या ना कसल्या संसर्गाने दगावत होती. म्हणजे जस्ताचा संबंध रोगाशी झुंजण्याच्या शक्तीशी असला पाहिजे. मग हा संबंध शोधण्यात त्यांनी पुढचे आयुष्य घालवले. २०२२ मध्ये ते वारले.

पेशीतले पाकशास्त्राचे पुस्तक

आता थोडे पेशीच्या आत डोकावू. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा अख्खा संच असतो. घरातल्या पाकशास्त्राच्या जाडजूड पुस्तकासारखा. पण म्हणून आपण रोज सगळे पुस्तक रांधत नाही. आज वरण-भाताचे पान, सणाला पुरणपोळीचे. तसेच पेशीचे. यकृताची पेशी आपली पाने उघडते, रक्तातली पांढरी पेशी आपली. कोणते पान केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे हे ठरवणारी खास प्रथिने असतात. ती जनुकांच्या धाग्यावर जाऊन बसतात आणि पान उघडून देतात किंवा बंद करतात. यालाच शास्त्रज्ञ जनुकांचे नियमन म्हणतात.

प्रथिन म्हणजे लांबलचक साखळी. तिला नेमक्या घड्या पडल्या तरच ती जनुकाच्या खाचेत बसते. या घड्या धरून ठेवायला पुष्कळ प्रथिनांत जस्ताचा एक-एक कण वापरलेला असतो. पातळाच्या निऱ्या नीट करून आपण पिन लावतो ना, तशी ही पिन. पिन निघाली की निऱ्या सुटल्या! केंब्रिजच्या ॲरन क्लुग यांच्या प्रयोगशाळेने १९८५ मध्ये एका आफ्रिकी बेडकाच्या अंड्यांतील प्रथिनात ही रचना ओळखली आणि तिला 'जस्ताची बोटे' असे नाव पडले, कारण ही प्रथिने बोटांनी चाचपावे तशी जनुकाचा धागा धरतात. माणसाच्या शरीरात अशी बोटे असलेली प्रथिने सातशेहून अधिक आहेत. एवढ्याशा जस्ताचे एवढे महत्त्व का, ते यावरून कळेल.

पहारेकऱ्यांना हाक आणि लगाम

रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. त्यांतल्या 'टी पेशी' छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. या ग्रंथीचा थायम्युलिन नावाचा एक स्राव आहे. तो जस्त चिकटलेले असेल तरच काम करतो, नाहीतर नुसता रक्तात फिरत राहतो.

डॉ. प्रसाद यांनी अमेरिकेत डेट्रॉइट येथे काही निरोगी लोकांना, त्यांच्या संमतीने, काही आठवडे जस्त कमी असलेला आहार दिला. आजारी पडण्याइतकी उणीव नव्हती, किंचितच होती. तेवढ्यानेही थायम्युलिनचे काम मंदावले आणि टी पेशी इंटरल्युकिन-२ नावाचे द्रव्य कमी बनवू लागल्या. इंटरल्युकिन-२ म्हणजे "शत्रू आला, संख्या वाढवा" अशी पहारेकऱ्यांची एकमेकांना हाक. ती कमी का पडली? त्या हाकेचे पान उघडणारे एक प्रथिन आहे, एनएफ-कप्पा-बी. जस्त कमी असलेल्या पेशींत ते जनुकाच्या धाग्यावर नीट बसेना. जस्त परत दिल्यावर गाडी रुळावर आली.

पण एवढेच सांगून थांबले तर अर्धेच सांगितल्यासारखे होईल. दूध तापले की आच कमी करावी लागते. संसर्गाशी लढतानाही दाह वेळेवर आवरला नाही तर आपल्याच शरीराला चटका बसतो. जस्त हे दुसरे कामही करते. ते ए-ट्वेंटी नावाच्या प्रथिनाचे पान उघडायला मदत करते, आणि हे प्रथिन एनएफ-कप्पा-बीलाच लगाम घालते. २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी आणखी दाखवले, की संसर्गाच्या वेळी काही पांढऱ्या पेशी झिप-८ नावाचे दार उघडून जस्त आत ओढून घेतात आणि तेच जस्त दाहाला आवर घालते. हाक मारायला जस्त, आणि "पुरे आता" म्हणायलाही जस्त. म्हणून ते 'ताकद वाढवणारे' औषध आहे असे म्हणण्यापेक्षा घडी बसवणारे आहे असे म्हणणे बरे.

आणि पेशीला आपल्याकडे जस्त किती आहे हे कळते कसे? त्यासाठीही एक प्रथिन आहे, एमटीएफ-१. जस्त वाढले की ते त्याला चिकटते आणि मग मेटॅलोथायोनिन या प्रथिनाचे पान उघडते. हे प्रथिन जास्तीचे जस्त धरून ठेवते. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात पुरुषांना दहा दिवस रोज १५ मिलिग्रॅम जस्त दिले, तेव्हा थोड्याच दिवसांत त्यांच्या पांढऱ्या पेशींत हे पान जास्त जोराने वाचले जाऊ लागल्याचे दिसले. आपण पोटात घेतलेल्या गोळीचा हिशोब रक्तातल्या पेशी अशा आपल्या पुस्तकात मांडून ठेवतात.

मग चौदा दिवसच का?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ओआरएसचे काम आजचे. गेलेले पाणी आणि क्षार भरून काढून ते मुलाचा जीव वाचवते. जस्ताचे काम उद्याचे. वाहून गेलेले जस्त भरून यायला, आतड्याचे सोललेले अस्तर नवे व्हायला आणि नव्या पहारेकरी पेशी नीट घडी बसवून तयार व्हायला दिवस लागतात. दोन-तीन गोळ्यांत ते होत नाही.

याचा एक मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे. दिल्लीत सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या ९३७ मुलांवर केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. जस्त दिलेल्या मुलांत जुलाब लांबण्याची शक्यता २३ टक्क्यांनी कमी दिसली. अशा अनेक अभ्यासांनंतर २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी जुलाबाच्या प्रत्येक मुलाला ओआरएसबरोबर १० ते १४ दिवस जस्त द्यावे अशी शिफारस केली. कोर्स पूर्ण केलेल्या मुलांना पुढचे दोन-तीन महिने जुलाब कमी होतात, हेही त्यांनी नमूद केले. म्हणजे पट्टीतल्या त्या उरलेल्या दहा गोळ्या या आजारासाठी नव्हेत, पुढच्या आजारासाठी आहेत!

आपल्याकडे चौदा दिवसांचा नियम आहे. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, म्हणजे १० मिलिग्रॅम. त्याहून लहान बाळाला परस्पर काही देऊ नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

आपल्या गावची बाजरी

औषध झाले. पण रोजच्या आवकीचे काय? तिथे आमच्या गावाकडे सांगण्यासारखी एक चांगली गोष्ट आहे. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे इथे पैठण रस्त्यावर संशोधन केंद्र आहे आणि तिथे बाजरीचे संकरित वाण तयार होतात. त्यांच्या नावातली 'एएचबी' ही अक्षरे गावाच्या त्या वेळच्या नावावरून, औरंगाबादवरून आली आहेत. यांतला 'एएचबी १२६९ एफई' हा वाण २०१८ मध्ये प्रसारित झाला. नेहमीच्या बाजरीत किलोमागे ३० ते ३५ मिलिग्रॅम जस्त असते, यात ४३ मिलिग्रॅम. लोह तर ४५-५० च्या जागी ९१. रासायनिक काही मिसळलेले नाही, निवड आणि संकर करूनच हे साधले आहे.

दोन मध्यम भाकरींना साधारण १२० ग्रॅम पीठ लागते असे धरा. नेहमीच्या बाजरीतून सुमारे ४ मिलिग्रॅम जस्त मिळेल, या वाणातून ५ च्या थोडे वर. "एका मिलिग्रॅमने काय होते?" असे म्हणू नका. अमेरिकेतील ओकलंड येथे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १८ पुरुषांच्या आहारात दिवसाला ६ ऐवजी १० मिलिग्रॅम जस्त केले, तेवढ्यानेच त्यांच्या पांढऱ्या पेशींतील जनुकांच्या धाग्यांची मोडतोड कमी झालेली दिसली. फरक फक्त चार मिलिग्रॅमचा.

जास्त जस्ताची बाजरी अंगी लागते का, हेही पाहिले गेले आहे. बेळगावच्या डॉक्टरांनी दोन वर्षांच्या आसपासच्या मुलांना अशा बाजरीचे पदार्थ दिले, तेव्हा त्यांच्या शरीरात नेहमीच्या बाजरीपेक्षा जस्त आणि लोह दोन्ही जास्त शोषले गेले. हा अभ्यास २०१३ मधला. दुसरीकडे मुंबईच्या झोपडवस्त्यांत बारा ते अठरा महिन्यांच्या मुलांना नऊ महिने अशी बाजरी दिली, तर लोहाच्या मापांत आणि वाढीत एकंदरीने ठळक फरक दिसला नाही. तेव्हा भाकरीला औषध समजून गोळी टाकू नका. भाकरी ती भाकरी, गोळी ती गोळी.

बाजारात बाजरीच्या पोत्यावर जस्त लिहिलेले नसते, हे खरे. पण आपल्यापैकी कितीजणींचे माहेर किंवा सासर गंगापूर, वैजापूर, पैठणकडे शेतीचे आहे! पेरणीआधी भावाला, दिराला एक फोन करा आणि या वाणाचे बी विचारा. घरच्या पुरती बाजरी त्यातून नक्की निघेल.

ताटात काय काय करता येईल

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेल्या प्रमाणानुसार बाईला रोज सुमारे १३ मिलिग्रॅम जस्त लागते, गरोदरपणी आणि अंगावर पाजताना १४ च्या वर. सगळ्यांना वाढून उरलेला भात आणि पातळ वरण खाणाऱ्या बाईच्या पोटात ते जाणे कठीण. तांदळात जस्त फार कमी, शंभर ग्रॅममागे एक मिलिग्रॅमच्या जेमतेम वर. तेव्हा मुलांची काळजी करताना स्वतःचे ताटही वाढून घ्या. गरोदर आणि पाजणाऱ्या बाईच्या पेशीही हेच जस्त मागत असतात.

१. तीळ हे जस्ताचे उत्तम साधन आहे. शंभर ग्रॅममागे सात मिलिग्रॅमच्या आसपास. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी वर्षातून एकदाच का? तिळाची चटणी तर बारमाही चालते.

२. शेंगदाणे, हरभरा, तूर, मूग, मटकी यांत बेताचे पण रोज मिळणारे जस्त आहे. भोपळ्याच्या बिया फेकू नका. धुऊन, वाळवून, भाजून मुलांच्या खाऊच्या डब्यात ठेवा.

३. कडधान्ये भिजवून, मोड आणूनच उसळ करा. मोड येताना फायटेट कमी होते आणि अडकलेले जस्त मोकळे होते.

४. बाजरीलाही मोड आणता येतात. रात्रभर भिजवा, सकाळी निथळून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी बारीक मोड दिसले की कडक उन्हात वाळवा, मंद भाजा आणि दळून आणा. वर्षाच्या बाळाला दुधात किंवा पाण्यात शिजवून याची खीर उत्तम. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून आठवड्याला पुरेल एवढेच दळा.

५. आंबवण्यानेही तेच साधते. ताकात पीठ कालवून रात्रभर ठेवून केलेली आंबील आपल्या आजींनी फायटेट हा शब्द न ऐकताच करून ठेवली आहे.

६. घरात चालत असेल तर अंडी, मासे, मटण. त्यातले जस्त अंगी लवकर लागते, कारण तिथे फायटेटची आडकाठी नाही.

अति मात्र नको

२०२० आणि २०२१ च्या कोरोनाच्या दिवसांत घराघरांत जस्ताच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या चघळल्या गेल्या. काहींनी ती सवय अजून ठेवली आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत कोरोनाच्या रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम जस्त दहा दिवस दिले, पण आजार लवकर बरा झाला नाही. उलट मोठी मात्रा महिनोन्‌महिने घेतल्यास शरीरातले तांबे कमी होते, पंडुरोग होतो आणि पांढऱ्या पेशीही घटतात. ज्या पहारेकऱ्यांसाठी गोळी घेतली तेच कमी! मोठ्यांनी अन्न आणि औषध मिळून दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे आपल्याकडचे प्रमाण आहे. डॉक्टरांनी दिल्याशिवाय अशी गोळी सुरू करू नका.

तुमच्या मनातले प्रश्न

*गोळी मूल थुंकून टाकते, काय करावे?* चव धातूसारखी लागते म्हणून. या गोळ्या विरघळणाऱ्या असतात. चमचाभर उकळून गार केलेल्या पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून पाजा, आणि वरून लगेच एक घोट पाणी किंवा दूध. गोळीने उलटी होत असेल तर रिकाम्या पोटी न देता थोडे खाल्ल्यावर द्या. उलटी थांबतच नसेल तर डॉक्टरांना विचारा.

*मला गरोदरपणात लोहाच्या गोळ्या चालू आहेत, जस्तही घेऊ का?* रिकाम्या पोटी लोहाची मोठी मात्रा आणि जस्त एकदम घेतले तर एकमेकांची वाट अडवतात. डॉक्टरांनी दोन्ही दिले असेल तर वेळा वेगळ्या ठेवा. लोहाची गोळी मात्र जस्तासाठी बंद करू नका.

*जस्त दिले म्हणजे ओआरएस नको ना?* असे कधीही करू नका. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मोठे पाकीट अख्खे घालायचे, आणि उरलेले चोवीस तासांनंतर ओतून द्यायचे. अंगावरचे दूध आणि खाणेही चालू ठेवायचे.

*दवाखान्यात केव्हा न्यावे?* शौचातून रक्त पडले, मूल सुस्त पडून राहिले, पाणी पिईना, डोळे खोल गेले, किंवा बराच वेळ लघवी झाली नाही, तर घरात थांबू नका. रात्र असली तरी न्या.

आणि मुलाच्या चौदा गोळ्या चुकू नयेत म्हणून एक सोपी युक्ती. पट्टी फडताळात न ठेवता स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेजवळ टांगा, आणि गोळी दिली की त्या तारखेवर फुली मारा. चौदावी फुली पडली की गोळी संपली.